उजेडाची वही : सातारा आणि अ‍ॅबर्डीन, हिवाळा २०२४-२५

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज पहाटे स्कॉटलंडमधली घड्याळं एक तास मागं गेली. रात्री दहाला भाचीचा मेसेज आला, "मामा, सुरू झालं. साडेचारला सूर्य गेला."

म्हणून वहीही आजच सुरू.

भाची अ‍ॅबर्डीनला नर्स आहे. हा तिचा तिसरा हिवाळा. पहिल्या हिवाळ्यात ती गप्प गप्प झाली तेव्हा आम्ही म्हणालो, घरची आठवण येत असेल. ताईनं चकल्या आणि कंदी पेढ्यांचं पार्सल पाठवलं. मार्चमध्ये पोरगी आपोआप हसायला लागली आणि श्रेय पेढ्यांना मिळालं. दुसऱ्या हिवाळ्यात परत तेच. सुट्टीच्या दिवशी बारा-चौदा तास झोप, तरी उठल्यावर हातापायांत शिसं भरल्यासारखं. पाव, बटाटे, बिस्किटं यांचे डोहाळे लागल्यासारखे. वजन सहा किलो वाढलं. फोन उचलायचा कंटाळा. 'कंटाळा' हा शब्द आमचा, ती म्हणायची, "पाण्याखालून बोलतेय असं वाटतं."

फेब्रुवारीत ती तिथल्या डॉक्टरकडं गेली. त्यांनी सांगितलं, हे नैराश्यच आहे, फक्त त्याला ऋतूचं वेळापत्रक आहे. लागोपाठ दोन वर्षं ठरावीक ऋतूत यायचं आणि ऋतू सरला की पूर्ण निघून जायचं, असं दिसल्यावरच त्याला 'ऋतूनुसार येणारं' म्हणतात. एका हिवाळ्यावरून नाही.

मी नाटकांची प्रकाशयोजना करतो, बत्तीस वर्षं झाली. आजाराचं मूळ उजेडात आहे म्हटल्यावर मला राहवलं नाही. माझ्याकडं लक्स मीटर आहे, म्हणजे किती उजेड पडतो ते 'लक्स'मध्ये मोजायचं यंत्र. तारा जोडता येतात, वेळही आहे. आजार तिच्याकडं आहे. अशी आमची भागीदारी.

वहीत रोजचे चार रकाने: झोप, बाहेरच्या उजेडात किती मिनिटं, खाणं, मन. मनाला दहापैकी गुण द्यायचे. ताई म्हणाली, "मनाला कसले गुण देतोस, परीक्षा आहे का?" मी म्हणालो, लाइट कमी-जास्त करायच्या डिमरच्या पट्टीवरही शून्य ते दहाच असतात, आणि तीनवर असलेला लाइट पाचवर आहे असं तू म्हणालीस म्हणून स्टेज उजळत नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

वहिनी आषाढात गेल्या, त्यामुळं यंदा वाड्यात आकाशकंदील नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पडद्यावर पहाट उगवून दाखवणाऱ्या माणसाच्या दारात दिवाळीत अंधार. ताईनं ओवाळलं नाही, नुसतं जेवायला बोलावलं. दादानं अर्धी पोळी खाल्ली आणि हात धुतला. एसटीची स्टेअरिंग धरून अठ्ठावीस वर्षं घाट उतरलेला माणूस, ताटावर बसला की पूर्वी मोजून खात नसे.

ताई म्हणाली, "थंडी पडली की दादा असाच मिटतो." मी लगेच वहीत लिहिलं: दादालाही तेच असेल का?

(समासातली नंतरची नोंद, १५ जानेवारी: हे वाक्य खोडत नाही. कसं चुकलो ते दिसलं पाहिजे.)

रात्री वाचत बसलो. या आजाराला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' हे नाव मिळालं १९८४ साली, नॉर्मन रोझेन्थॉल आणि सहकाऱ्यांच्या लेखातून. रोझेन्थॉल मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. लख्ख उन्हातून अमेरिकेच्या उत्तरेकडच्या हिवाळ्यात आले आणि आपलीच गाडी थंडीत मंदावते हे त्यांच्या लक्षात आलं. पण मला जास्त भावला तो त्यांच्या आधी संशोधकांच्या दारात उभा राहिलेला पेशंट, हर्बर्ट कर्न. हा इंजिनिअर. त्यानं वर्षानुवर्षं स्वतःच्या चढउतारांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या आणि वह्यांवरून त्याला स्वतःलाच दिसलं होतं की दिवस आखडले की आपण खाली जातो. तेव्हा नुकतंच कळलं होतं की तेजस्वी प्रकाशानं माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची वर्दी देणारं द्रव्य, दाबलं जातं. १९८० च्या हिवाळ्यात कर्नला भल्या पहाटे आणि संध्याकाळी झगझगीत दिव्यांसमोर बसवलं, म्हणजे त्याचा दिवस कृत्रिमरीत्या लांबवला. थोड्याच दिवसांत तो वर आला.

आधी वही, मग दिवा. हा क्रम ध्यानात ठेवायचा.

१० नोव्हेंबर

खोका क्रमांक १. अपयश.

कल्पना साधी होती. बाजारातून चार एलईडी पॅनल आणायची, लाकडी चौकटीत बसवायची, समोर दुधी अ‍ॅक्रिलिक लावायचं आणि विमानानं कुणाबरोबर तरी पाठवायचं. उपचाराला १०,००० लक्स लागतात, रोज सकाळी साधारण अर्धा तास. मी तीन दिवस खपून खोका बनवला. २० सेंटिमीटरवर मीटरनं ९,८०० दाखवले आणि मी चहा मागवला. मग मीटर ४० वर नेला: ३,७००. ६० वर: १,९००. म्हणजे १०,००० मिळवायला पोरीनं खोक्याला नाक लावून बसायचं. नाटकात हेच मी पोरांना शिकवतो, लाइट दुप्पट लांब नेला की पार कोसळतो. घरच्या कामात विसरलो.

दुसरा दोष मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसला: पट्टे. डिमरवर पॅनल फडफडत होतं. डोळ्याला कळत नाही, पण अर्ध्या तासात माझं कपाळ दुखायला लागलं.

तिसरा दोष नेत्रतज्ज्ञ मित्रानं काढला. त्यानं विचारलं, "अतिनील किरण गाळतोस का? चकाकी किती आहे? तिला डोळ्याच्या पडद्याचा काही त्रास? प्रकाशानं त्वचा-डोळे हुळहुळे करणारं औषध चालू आहे?" माझ्याकडं एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. भाचीला तिच्या डॉक्टरनं आणखी एक विचारलं होतं: कधी उलट झालंय का, म्हणजे झोप न लागता अंगात वारं भरल्यासारखं, पैसे उधळावेत, दहा कामं अंगावर घ्यावीत असं? द्विध्रुवीय विकार असलेल्या माणसाला हाच दिवा दुसऱ्या टोकाला, उन्मादाकडं ढकलू शकतो. म्हणून डॉक्टरला न विचारता दिवा सुरू करू नये.

तिनं तयार खोका विकत घेतला. तिथली सरकारी आरोग्यसेवा साधारणपणे तो देत नाही, खिशातून घ्यावा लागतो. घेताना एवढंच बघायला सांगितलं: किती अंतरावर १०,००० लक्स, हे लिहिलंय का. नसेल तर तो शोभेचा दिवा.

माझा खोका आता मंगळवार पेठेतल्या एका शिंप्याकडं आहे. काळ्या कापडावर काळा दोरा दिसतो म्हणाला.

१७ नोव्हेंबर

आज साताऱ्यात उजेड मोजत हिंडलो. आकडे माझ्या मीटरचे.

वाड्याचं माजघर, दुपारी बारा, दिवा लावलेला: ४५. ओटी: २१०. दादाच्या खोलीत, जिथं तो दिवसभर पलंगावर असतो: ३०. राजवाड्यावरच्या चहाच्या टपरीत, पत्र्याच्या सावलीत: १,८००. 'चार भिंती' या स्मारकावर सकाळी नऊला, सूर्याकडं तोंड करून: ६०,००० च्या पुढं. त्याच वेळी एका झाडाखाली, चांगल्या गर्द सावलीत: ६,५००.

सावलीत साडेसहा हजार! ज्या उजेडासाठी भाची शंभरभर पौंड मोजते तो इथं आंब्याखाली फुकट पडलाय, आणि आम्ही ३० लक्समध्ये पलंगावर. स्टेजवर नटाच्या तोंडावर मी हजारभर लक्स टाकतो तेव्हा तो "डोळे दिपले" म्हणून ओरडतो. डोळा फार लबाड आहे. बाहुली आकसून-फाकून आणि पडद्याची संवेदनशीलता बदलून तो ३० आणि ३०,००० यांतला फरक आपल्याला जाणवूच देत नाही. पण डोळ्यात दुसराही एक मीटर आहे. २००२ च्या सुमारास कळलं की डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी चित्र बघण्यासाठी नाहीतच मुळी. उजेड किती, एवढंच त्या मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. हे घड्याळ डोळ्यांमागं खोलवर, दोन्ही डोळ्यांच्या शिरा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर. तेच मेलाटोनिनची वेळ ठरवतं. हिवाळ्यात सकाळ उशिरा झाली की काहींचं हे घड्याळ मागं सरकतं. बाहेर दिवस सुरू झालेला असतो आणि आत अजून मध्यरात्र. सकाळचा दिवा त्याचा काटा पुढं ओढतो. हे सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण सकाळी बसायचं यामागं मुख्य कारण हे.

२० नोव्हेंबर

मतदान. दादा आला नाही. "कुनी का येईना," म्हणाला. ज्यानं ड्यूटी बदलून घेऊन मत दिलंय तो माणूस.

८ डिसेंबर

स्पर्धेच्या नाटकात दोन आठवडे गेले, माझीच वही कोरी. रात्री दोनला झोपून नऊला उठणारा मी दुसऱ्याला सकाळच्या उजेडाचं महत्त्व सांगतोय.

अ‍ॅबर्डीनचा रकाना मात्र तिनं भरलाय आणि त्यात एक खड्डा आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मन ५-६ वर टिकलं होतं, गेल्या वर्षी याच सुमाराला ३ असेल असं ती म्हणते. मग चार दिवस ३, ३, २, ४. झोप तीन-चार तास. विचारलं तर म्हणाली, सकाळच्या पाळीला सातपूर्वी बाहेर पडावं लागतं म्हणून दिवा संध्याकाळी घरी आल्यावर लावला. बारा तासांची पाळी. अंधारात जायचं, अंधारात यायचं, मधे ट्यूबलाइट. तिला वाटलं, उजेड कधीही घेतला तरी उजेडच.

संध्याकाळचा दिवा घड्याळाला उलटा ओढतो. शेवटच्या प्रवेशात पहाटेचा क्यू दिल्यासारखं.

नवा बेत: पाळीच्या दिवशी पावणेसहाला उठून नाश्ता करताना वीस मिनिटं दिवा, थोडा बाजूला, डोळ्यांच्या जरा वर, त्याच्याकडं टक लावून न बघता. सुट्टीच्या दिवशी झोप कितीही खेचत असली तरी त्याच वेळेच्या आसपास उठायचं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये न बसता इमारतीबाहेर एक फेरी. तिकडं ढगाळ दुपारीही बाहेर खोलीपेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. रात्रपाळ्या आल्या की हे सगळं गणित बदलतं, तेव्हा ती डॉक्टरला विचारूनच ठरवणार.

ताईनं विचारलं, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या पुरतील का? ब्रिटनमध्ये हिवाळाभर सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायला सुचवतात, ती हाडांसाठी. भाची घेते. त्यानं मन वर येतं याचा भक्कम पुरावा नाही.

१६ डिसेंबर

धुंधुरमास लागला. आई असताना या महिन्यात आम्हाला काळोखात उठवायची. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भरीत. सूर्य उगवला की नैवेद्य आणि लगेच अंगणात पंगत. वर्षातल्या सगळ्यांत आखूड दिवसांत माणसांना पहाटे उठवून, पोटभर खायला घालून उगवत्या उन्हात बसवायचं. लिहितानाच हात शिवशिवतो की खाली लिहावं, 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.' नाही लिहीत. आईला मेलाटोनिन ठाऊक नव्हतं, तिला लोणी ताजं आहे एवढं ठाऊक होतं. पण रीत चांगली आहे, आणि रीत पाळायला कारण लागत नाही ही तिची मोठी सोय.

दादावर प्रयोग सुरू. सकाळी साडेसातला त्याला गच्चीवर आणतो. जरंडेश्वराच्या बाजूनं ऊन येतं. आठला त्याच्या चेहऱ्यावर मीटर धरला, ४१,०००. अर्धा तास बसतो. भाकरी कुस्करून कावळ्याला घालतो. त्याचाही रकाना उघडला. तो काही बोलत नाही, मीच बघून लिहितो.

२१ डिसेंबर, शनिवार

सगळ्यांत लहान दिवस. साताऱ्यात ११ तासांच्या थोडा वर. अ‍ॅबर्डीनला ६ तास ४० मिनिटांच्या आसपास. पावणेनऊला उगवून साडेतीनच्या आत मावळला. जूनमध्ये तिकडं जवळजवळ १८ तासांचा दिवस असतो, आपल्याकडं १३ च्या जरा वर. म्हणजे आपला झोका दोन तासांचा आणि त्यांचा अकरा तासांचा.

नुसती लांबी नाही, कोनही. आज दुपारी साताऱ्यात सूर्य ४९ अंशांवर होता, अ‍ॅबर्डीनला ९ वर. नऊ अंश म्हणजे विंगेतून टाकलेला आडवा लाइट. भाचीनं समुद्रकिनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल केला, तिची भर दुपार, माझी संध्याकाळ. वाळूवर तिची सावली एवढी लांब की टोक दिसेना. मागं करड्या ग्रॅनाइटचं शहर. "मामा, आज मन ६."

गेल्या वर्षी याच तारखेला तिनं फोन उचलला नव्हता.

२९ डिसेंबर

आज वहीनं मला खोटं पाडलं.

भाचीला दादाचा रकाना वाचून दाखवत होतो. तेरा दिवस ऊन, तरी मन २, २, ३, २. मी म्हणालो, वेळ लागतोय. तिनं विचारलं, "मोठे मामा झोपतात किती?" म्हटलं, तीनला जागा होतो, मग कूस बदलत पडतो. "खातात काय?" चतकोर. "वजन?" माहीत नाही. "सकाळी जास्त वाईट वाटतं की संध्याकाळी?" सकाळी, संध्याकाळी दोन वाक्यं तरी बोलतो.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, हे माझ्यासारखं नाहीये. मला झोप आवरत नाही, त्यांना लागत नाही. मी खात सुटते, त्यांची भूक गेलीय. आणि सुरू कधी झालं?"

दिवाळीत, म्हणालो. मग दादाच्या खोलीत जाऊन आलो. खुंटीवर त्याचा कमरेचा पट्टा होता. त्याला खिळ्यानं पाडलेलं एक जादा भोक, आणि त्याच्या आत आणखी एक. पहिलं कधी पाडलंस विचारलं. "गणपतीत."

गणपती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसले होते. तेव्हा इथं थंडी नव्हती, पाऊस होता. वहिनींना जाऊन दोन महिने झाले होते. थंडीनं मिटलाय, वयानं मिटलाय, दुःखच आहे, मिटणारच. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्यावर एकेक पांघरूण घातलं आणि मी त्यावर माझं नवं कोरं, १९८४ सालचं घातलं.

भाचीनं सांगितलं, त्यांना सरळ विचार. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, उलट आतला बाहेर येतो. माझी जीभ जड झाली होती. तरी गच्चीवर नेऊन विचारलं, "दादा, जीव नकोसा होतो का? काही करून घ्यावं असं मनात येतं का?"

बराच वेळ तो यवतेश्वराच्या डोंगराकडं बघत होता. मग म्हणाला, "करायचं काय न्हाय. पन सकाळ उगवलीच न्हाय तर बरं, आसं रोज वाटतंय."

रोज सकाळी मी त्याला तीच सकाळ दाखवायला वर आणत होतो.

लगेच १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी आधी माझं ऐकलं, मग दादाशी बोलायला मागितलं. तो अकरा मिनिटं बोलला. सहा महिन्यांत माझ्याशी एवढं बोलला नव्हता. त्यांनी सांगितलं, एकटं ठेवू नका, गोळ्यांचा डबा आणि कुंड्यांवर मारायचं औषध हाती लागणार नाही असं ठेवा, दोन-तीन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

आज माझं अंथरूण दादाच्या खोलीत.

२ जानेवारी २०२५

डॉक्टरांनी दीड तास दिला. रक्त तपासायला सांगितलं: थायरॉइड, बी-१२, साखर. थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच दिसतो, ते आधी वगळायचं. त्यांचं म्हणणं, नैराश्य आहे, मध्यम ते तीव्र, ऋतूचं नाही. जोडीदार गेल्याचं दुःख लाटांसारखं येतं-जातं, माणूस मधेच आठवणीनं हसतोही. इथं लाटा नाहीत, पाणीच साचलंय. गोळी आजपासून. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त. मनानं बंद करायची नाही, बरं वाटलं तरी. दर आठवड्याला दाखवायचं.

मी वही पुढं केली आणि गुन्हा कबूल केल्यासारखं गच्चीचं सांगितलं. त्यांनी पानं उलटली. म्हणाले, "ऊन चालू ठेवा, सकाळचा उजेड अशाही नैराश्यात थोडी मदत करतो. पण एकट्या उन्हावर भागलं नसतं. वहीमुळं माझा अर्धा तास वाचला."

मग मी विचारलं, साताऱ्यात हा ऋतूचा प्रकार त्यांनी पाहिलाय का. हिवाळ्यातला क्वचित, म्हणाले. उलट उन्हाळ्यात बिघडणारे लोक असतात. त्यांची झोप उडते, भूक जाते, चिडचिड वाढते. ऋतूचा आजार म्हणजे थंडीचाच, असं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

गोळीचा तेरावा दिवस. फरक नाही. तोंडाला कोरड, पोटात मळमळ. "गोळ्या खाऊन येडं करतील मला," असं म्हणून त्यानं आज सकाळची गोळी परत पाकिटात ठेवली. ताई आली, तिळाची वडी हातावर ठेवली आणि म्हणाली, "हे घे, आणि त्याच्यावर ती घे. वहिनीचा बीपी वाढला तेव्हा तूच तिला गोळ्या मोजून द्यायचास." त्यानं घेतली. माझे लक्स आणि डॉक्टरांची पुस्तकं एका बाजूला, ताई एका बाजूला.

भोगीच्या भाकरीचा पाऊण भाग काल खाल्ला होता, हे ताईनं पाहिलं. मी तेही लिहायला विसरलो होतो.

२६ जानेवारी

अ‍ॅबर्डीनला दिवस आठ तासांचा झाला. तिचे गेल्या चार आठवड्यांचे गुण ५ ते ७. एकदा ३; त्या आठवड्यात तीन रात्रपाळ्या होत्या.

ती आता एका समुपदेशकाकडं ऑनलाइन जाते. मला वाटलं होतं, दिवा असताना हे कशाला. तिनं समजावलं. व्हरमाँट विद्यापीठातल्या केली रोहन यांनी दिवा आणि विचार-वर्तन उपचार यांची तुलना केली आहे. सहा आठवड्यांनी दोन्हींचा गुण जवळपास सारखा. पण दोन हिवाळ्यांनंतर पाहिलं तर विचार-वर्तन शिकलेल्या लोकांत आजार कमी वेळा परतला होता. दिवा दरवर्षी लावला तर लागू. शिकलेलं अंगात राहतं.

शिकलेलं म्हणजे काय, तर तिचंच उदाहरण. ऑक्टोबर आला की ती मनात म्हणायची, 'आता माझे पाच महिने गेले.' मग आधीच मैत्रिणींना नाही म्हणायची, पोहणं बंद, पडदे लावून घ्यायची, आणि पाच महिने खरंच जायचे. आता गुरुवारी पोहणं, रविवारी एकीकडं जेवण, हे वाटो न वाटो करायचं. मन तयार होण्याची वाट बघायची नाही. "मामा, एंट्रीची वेळ झाली की नट मूड बघतो का?" काही नट बघतात, हे मी तिला सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

गच्चीवर बोळक्यात दूध ठेवलं, गोवऱ्यांच्या धगीवर, पूर्वेला तोंड करून. हे वहिनींचं काम असायचं. दूध कुठल्या बाजूनं उतू गेलं यावरून त्या वर्षाचं भविष्य सांगायच्या आणि दरवर्षी ते चुकायचं. आज ताई म्हणाली, "पूर्वेला गेलं." दादा म्हणाला, "दक्षिणेला गेलं. तिला बी कधी दिशा कळली न्हाय." आणि हसला, आणि लगेच रडला. बराच वेळ. डॉक्टरांचं लाटांचं वाक्य आठवलं.

गोळीचा चौतिसावा दिवस. झोप पाचपर्यंत. रक्तात बी-१२ कमी निघालं, त्याची सुयाही चालू.

३० मार्च, गुढीपाडवा

आज तिकडची घड्याळं परत एक तास पुढं गेली. कालच त्यांच्याकडं सूर्याला ग्रहण लागलेलं दिसलं, खंडग्रास. इकडं काही नाही. "एवढी वाट बघून आलेला सूर्य, त्याला पण चावा घेतला," असा तिचा मेसेज.

दिवा तिनं एकदम बंद केला नाही, मार्चभर मिनिटं कमी करत आणली. आज खोका कपाटात. त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिलीय: १५ सप्टेंबर. गेल्या वर्षी आजार सुरू झाल्यावर दिवा शोधला. यंदा तो यायच्या आधी दिवा बाहेर. हिवाळाभरात वजन एक किलो वाढलं, सहा नाही. पण 'बरी झाले' हा शब्द ती वापरत नाही, आणि मीही तिला तो वापरायला लावत नाही.

वाड्यात वर्षश्राद्धापर्यंत गुढी नाही. दादा सकाळी स्वतःहून वर गेला. गोळी चालू आहे, आणखी बरेच महिने चालेल. पट्ट्याचं आतलं भोक आता वापरात नाही, गणपतीतलं अजून आहे.

दुपारी वही उघडली तर आजचा रकाना आधीच भरलेला. अक्षर त्याचं, एसटीच्या लॉगशीटवर असायचं तसं, तिरकं आणि दाबून:

झोप – सव्वापाच. खाणं – श्रीखंड दोन वाट्या, ताईला सांगू नये. मन – ५. उजेड – मीटर तुझ्यापाशी हाय, तू मोज.